शाळेच्या पटावरची आपली नावे



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा या वेळी काय लिहायचे यावर मंडळात बरीच चर्चा झाली. बाबासाहेबांचे चरित्र आपण देतो, धम्माची शिकवण देतो, आणि ती दिलीच पाहिजे. पण बैठकीत मागे बसलेले एक ज्येष्ठ धम्मबांधव म्हणाले, "बाबासाहेब कसे शिकले ते पोरांना पाठ आहे. पण त्यांचा स्वतःचा आजोबा कसा शिकला, किंवा का शिकला नाही, ते विचारा बरं एकाला तरी!" सगळे गप्प झाले. कारण आमच्यातल्या निम्म्या जणांनाही ते सांगता आले नसते.

म्हणून हा लेख. आम्ही कुणी इतिहासाचे प्राध्यापक नाही. कंपनीची शिफ्ट, घरसंसार सांभाळून विहाराचे काम पाहणारी आम्ही माणसे. जे वाचले, जे वडीलधाऱ्यांकडून ऐकले आणि जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेवढेच इथे मांडत आहोत. चूकभूल द्यावी घ्यावी.

मुक्ताचा निबंध

सुरुवात आपल्या पुण्यापासूनच करू. पिंपळे गुरवहून बुधवार पेठ काही लांब नाही. मंडईला, तुळशीबागेत आपण कितीदा जातो. त्याच बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली महात्मा जोतिराव फुले आणि सावित्रीमाई यांनी मुलींची शाळा काढली. नेमकी तारीख कोणती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण साल सर्वमान्य आहे. त्यानंतर त्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या. १८५२ च्या सुमारास वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, अशी शाळा चालू होती. त्या चालवण्यासाठी महार, मांग इत्यादी लोकांस विद्या शिकविणारी मंडळी स्थापन झाली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतिरावांचा जाहीर सत्कार केला. पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतिरावांनी या शाळांचा उल्लेख केला, म्हणून सरकारी कागदातही त्या राहिल्या.

या शाळेत शिकणारी मांग समाजाची एक मुलगी होती, मुक्ता साळवे. वय अवघे बारा-चौदा वर्षांचे. तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ज्या धर्माची पोथी आम्हाला वाचता येत नाही आणि ज्याची शिक्षा मात्र आम्हालाच भोगावी लागते, तो धर्म आमचा कसा, असा सरळ सवाल तिने केला. आपल्या बायका उघड्यावर बाळंत होतात, त्यांचे हाल काय होतात, तेही तिने लिहिले. हे सगळे लिहिणारी मुलगी तीनेक वर्षे शाळेत शिकलेली होती! 'ज्ञानोदय' या पत्राने १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो निबंध दोन भागांत छापला.

आता इथे थोडे थांबून विचार करा. त्या शाळांत मुक्ताच्या बरोबर किती तरी मुले-मुली बसत असतील. त्यांनीही पाटीवर काही ना काही लिहिले असेल. पाटी पुसली गेली, वही असेल तर ती हरवली. त्या मुलांची नावेसुद्धा आपल्यापर्यंत आली नाहीत. मुक्ता तेवढी राहिली. ती सर्वांत हुशार होती म्हणून नव्हे, असेलही कदाचित, पण खरे कारण म्हणजे तिचे लिहिलेले कुणीतरी छापले. छापले म्हणून जपले गेले, आणि जपले म्हणून दीडशेहून अधिक वर्षांनी आपल्या मुली वक्तृत्व स्पर्धेत मुक्ताचे नाव घेतात.

याच्या उलट उदाहरणही आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्या मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने त्याची बाजू न्यायाची आहे हे मान्य केले, पण एकट्या मुलासाठी बाकीचे विद्यार्थी शाळा सोडून जातील या भीतीने प्रवेश काही दिला नाही. हे प्रकरण पुढे फार गाजले. शिक्षणाच्या इतिहासाच्या पुस्तकांत ते हमखास येते. पण तिथे तो 'एक महार मुलगा' एवढाच असतो. त्याच्या घरी कोण होते, त्या दिवशी शाळेच्या दारातून तो कसा परतला, आईला काय म्हणाला, हे सांगणारा कागद आपल्या हाती नाही.

साताऱ्याचे रजिस्टर

आपल्या लोकांना शिक्षणाची आणखी एक वाट मिळाली ती पलटणीतून. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवायची सोय होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी पुण्याच्या पंतोजी शाळेत, म्हणजे मास्तर तयार करणाऱ्या शाळेत शिकले आणि पुढे लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. घरात अक्षरओळख होती ती अशी. पण १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली आणि ती वाटही अरुंद झाली.

रामजींचा मुलगा भिवा ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कूलात दाखल झाला. राजवाड्यातल्या त्या शाळेचे आजचे नाव प्रतापसिंह हायस्कूल. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे त्याचे नाव आहे आणि त्याची सहीसुद्धा आहे. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवले. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१७ सालापासून आपल्या राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

म्हणजे बघा, एका कारकुनाने रोजच्या कामाचा भाग म्हणून नाव लिहिले. नंतर कुणीतरी ते रजिस्टर रद्दीत न घालता कपाटात ठेवले. त्या दोघांना कुठे ठाऊक होते की हाच मुलगा पुढे देशाची राज्यघटना लिहिणार आहे? म्हणूनच आम्ही म्हणतो, कोणता कागद पुढे मोलाचा ठरेल हे आज सांगता येत नाही. आधी जपायचे, मोल पुढची पिढी ठरवेल.

रजिस्टरात मात्र एक गोष्ट नाही. भिवाला वर्गात वेगळे बसावे लागे, बसायला गोणपाट घरून न्यावे लागे, शिपाई नसला तर दिवसभर पाणी मिळत नसे. हे कुठल्याही पटावर लिहिलेले सापडणार नाही. ते आपल्याला कळले, कारण बाबासाहेबांनी स्वतः आठवणी लिहून ठेवल्या. पटावर फक्त नाव आणि तारीख असते. त्या तारखेला काय घडले ते माणसाच्या तोंडूनच कळते. लेखात पुढे जे सांगायचे आहे, त्याचे मूळ हेच आहे.

कायदा झाला, पण शाळा?

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि त्यांच्याबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाडच्या चवदार तळ्यामुळे पाण्याची गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली, शाळेची मात्र तेवढी राहिली नाही. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले.

आपल्या जवळचेच आणखी एक उदाहरण सांगतो. येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. राखीव जागांचे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच करारात एक कलम असेही आहे की, प्रत्येक प्रांताच्या शिक्षणाच्या अनुदानातून अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम वेगळी काढून ठेवावी. आपल्या मुलांना शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना हे कुणी सांगते का? सांगायला पाहिजे. ही मेहेरबानी नाही, झगडून मिळवलेला हक्क आहे.

कायदे झाले, ठराव झाले. तरी खेड्यातले पोर शाळेत टिकत नव्हते. का? तर घरावर वतन होते. गावचा सांगावा पोचवायचा, चावडीवर राबायचे, सरपण फोडायचे, मेलेले ढोर ओढायचे. बाप आजारी पडला की पोराने जायचे. महार वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या कायद्याने, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर दहा-अकरा वर्षांनी. आज आपल्या वस्तीतले सत्तर-पंच्याहत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा त्याच काळात लहान होते. म्हणजे हा काही पुराणकाळातला इतिहास नव्हे. तो आपल्या घरातल्या खाटेवर बसला आहे, चहा पीत आहे!

आपला भाग

आता आपल्या भागाकडे वळू. पवनेच्या काठचे पिंपळे गुरव हे मूळचे शेतीचे गाव. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. दापोडी, देहूरोड या बाजूला लष्कराची कामे. त्या कामांवर आपले पुष्कळ लोक होते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग १९६० नंतर एमआयडीसी झाली आणि कारखान्यांची रांगच लागली. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली.

याच भागात, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. ब्रह्मदेशातून आणलेली ती मूर्ती. नागपूरची दीक्षा व्हायला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. दरवर्षी २५ डिसेंबरला आपण मुलाबाळांना घेऊन देहूरोडला जातो ते याच कारणाने. आपल्या भागाचे भाग्य मोठे आहे. पण त्या दिवशी तिथे हजर असलेली, बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहिलेली किती माणसे आपण बोलती केली? किती जणांचे सांगणे लिहून घेतले? त्यांतले बहुतेक आता राहिले नाहीत. ही चूक आपली आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांतून आपली कुटुंबे मोठ्या संख्येने इकडे आली. कुणी फाउंड्रीत लागले, कुणी बांधकामावर, बायाबापड्या धुणीभांडी करू लागल्या. गुंठा-अर्ध्या गुंठ्यात पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. मुलांची नावे जवळच्या मराठी शाळेत घातली. नाव घालताना मास्तर विचारायचे, "जात काय लावू?" मग बाप कधी छाती पुढे काढून "बौद्ध" सांगायचा, तर कधी सवलत जाईल या भीतीने जुनी जात लावायचा. कारण बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या त्या १९९० साली, घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती झाल्यावर. एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर एक नोंद आणि धाकट्याच्या दाखल्यावर दुसरी, असे आजही दिसते. दाखल्यावरच्या त्या एका रकान्यात आपल्या धर्मांतराचा सगळा इतिहास आहे.

'सतत गैरहजर'

आता आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतल्या एका मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता. आपल्या प्रवर्गासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद महत्त्वाची धरतात. घरात कागद म्हणाल तर रेशनकार्ड आणि वडिलांचा कारखान्याचा पास. आजोबा वारलेले. मग आम्ही दोघे-तिघे त्या मुलाला घेऊन त्यांच्या मूळ गावी गेलो. गावाचे आणि शाळेचे नाव इथे लिहीत नाही, कारण दोष एकट्या त्या शाळेचा नाही.

मुख्याध्यापक भले होते. त्यांनी कपाट उघडून दिले. खालच्या खणातली रजिस्टरे हातात घेतली, तर मातीच झाली. वाळवी लागली होती. काही वर्षांची रजिस्टरे छप्पर गळल्यावर भिजली म्हणून टाकून दिली, असे जुन्या शिपायाने सांगितले. मुलाचा चेहरा बघवत नव्हता. सत्तर-ऐंशी टक्के मार्क मिळवून उपयोग काय, आजोबाचे नाव वाळवीने खाल्ले!

तेवढ्यात मुलाच्या आजीने गावातल्या नातेवाइकाच्या फोनवर सांगितले, "तिथं नाही, पलीकडच्या गावच्या शाळेत बघा. आमच्या गावात त्यांना बसू देत नव्हते, म्हणून मामाच्या गावी घातलं होतं." आम्ही त्या गावी गेलो. तिथले जनरल रजिस्टर शाबूत होते. पिवळ्या पानावर शाईने लिहिलेले नाव सापडले. दाखल केल्याचे साल १९४८. जात लिहिलेली. काढल्याची तारीख १९५० च्या सुरुवातीची. आणि शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात दोन शब्द, 'सतत गैरहजर'.

निर्गम उतारा मिळाला, काम झाले. परत आल्यावर आम्ही तो आजींना वाचून दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "गैरहजर कसले? सासरे तापाने पडले होते. गावकी कोण करणार? पोरगं जात होतं चावडीवर. दफ्तर खुंटीला टांगलेलं, ते शेवटपर्यंत टांगलेलंच राहिलं असं सांगायचे ते."

बांधवांनो, त्या दिवशी आमच्या लक्षात आले की इतिहासाला दोन चाके असतात. एक चाक कागदाचे. ते नसते तर नातवाचा प्रवेश अडला असता. दुसरे चाक आठवणीचे. ते नसते तर आपण आजोबांना आळशी, उनाड समजलो असतो. कागदाने सांगितले की पोरगे शाळेत येत नव्हते. आजींनी सांगितले की त्याला येऊ दिले जात नव्हते. नुसत्या कागदावर विसंबलो, तर आपला इतिहास आपल्याच विरुद्ध साक्ष देईल. नुसत्या आठवणीवर विसंबलो, तर कोर्टकचेरीत तो कुणी मानणार नाही. दोन्ही लागतात.

वाडा पडला

मोठ्या वास्तूंचीही हीच गत होते. भिडे वाडा स्मारक व्हावा ही मागणी कित्येक वर्षांची. मोर्चे झाले, निवेदने झाली. भाडेकरूंचे दावे कोर्टात चालू राहिले आणि तोवर वाडा खचत गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंची याचिका फेटाळली आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीस आलेली ती इमारत पाडण्यात आली. आता तिथे स्मारक व्हायचे आहे, त्याची पायाभरणी २०२४ साली झाली. स्मारक होईल, चांगलेच होईल. पण सावित्रीमाईंनी ज्या उंबऱ्यावर पाय ठेवला, तो उंबरा पुन्हा येणार नाही.

बाबासाहेबांच्या कागदांचीही कथा अशीच. महापरिनिर्वाणानंतर त्यांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे कायद्याच्या कचाट्यात अडकून पडली होती. १९७६ साली महाराष्ट्र सरकारने साहित्य प्रकाशनासाठी समिती नेमली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली पहिला खंड निघाला. त्याआधी चांगदेव खैरमोडे यांनी नोकरी सांभाळून, पदरमोड करून बाबासाहेबांच्या चरित्राची साधने गोळा केली होती. त्यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेबांच्या हयातीतच प्रसिद्ध झाला. एकट्या माणसाने चिकाटीने किती करता येते, ते खैरमोड्यांकडून शिकावे.

आणि आमच्या भगिनींसाठी खास सांगतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध केले. सभेला लेकरू कडेवर घेऊन जाणाऱ्या, वस्तीतल्या मुलींसाठी शाळा चालवणाऱ्या बायांची नावे त्यामुळे राहिली. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी १९२२ साली मुलींची शाळा काढली होती. त्या दोघींनी वेळेवर विचारले नसते, तर कितीतरी बाया सांगायचे मनात ठेवूनच गेल्या असत्या.

सातासमुद्रापलीकडची गोष्ट

हे दुखणे फक्त आपलेच नाही. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला, तो अमेरिकेतल्या काळ्या लोकांना गुलामीतून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली तिथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. त्या लोकांशी आपले असे जुने नाते आहे.

गुलामी कायद्याने संपल्यावरही अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि मोडक्या. तेव्हा बुकर टी. वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीय शिक्षक आणि ज्युलियस रोझेनवाल्ड हे व्यापारी यांनी मिळून एक योजना आखली. १९१२ ते १९३२ या वीस वर्षांत पंधरा राज्यांत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. रोझेनवाल्ड यांनी सुमारे ४३ लाख डॉलर दिले. पण गंमत अशी की गोरगरीब काळ्या लोकांनी स्वतः सुमारे ४७ लाख डॉलर जमवले. बाकीचा पैसा सरकारी. कुणी जमीन दिली, कुणी लाकूड दिले, कुणी अंगमेहनत केली. आपण विहार बांधताना जसे घरटी वर्गणी काढली, विटा वाहिल्या, अगदी तसेच.

१९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. चांगलेच झाले. पण मुले दुसऱ्या शाळांत जाऊ लागली आणि या जुन्या शाळा ओस पडल्या. कुठे गवत साठवले, कुठे छप्पर कोसळले. तिथे आपल्या तालुक्यासारखा जो भाग असतो त्याला काउंटी म्हणतात. अशा एकेका काउंटीतले जुने विद्यार्थी, पांढऱ्या केसांचे आजी-आजोबा, एकत्र आले. जुने फोटो, हजेरीची पुस्तके, प्रगतिपुस्तके गोळा करू लागले. एकमेकांच्या आठवणी लिहून घेऊ लागले. २००२ साली तिथल्या वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने या शाळांचे नाव धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत घातले, तेव्हा कुठे देशाचे लक्ष गेले. पण आधी हात लावला तो गावच्या माणसांनीच. आपण होऊन आपला इतिहास जपला नाही, तर दुसरा कुणी येऊन जपत नाही.

मग आपण काय करायचे?

फार मोठे काही नको. घरच्या घरी आणि विहारात होईल एवढेच सुचवतो.

पहिले म्हणजे, घरातल्या ट्रंकेत, माळ्यावर, फोटोच्या मागे जे जुने कागद असतील ते बाहेर काढा. शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक, शिष्यवृत्तीचे पत्र, वसतिगृहाची पावती, कारखान्याचा पास, धम्मपरिषदेचे हँडबिल, लग्नपत्रिकासुद्धा. मूळ कागद कुणाला देऊ नका, विहारालाही नको. प्रत काढून द्या. मूळ कागदाची घडी घालू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. साध्या कागदी पाकिटात, ओल नसलेल्या जागी ठेवा. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, उजेडात स्वच्छ फोटो काढून ठेवायला पैसा पडत नाही.

दुसरे, जुन्या फोटोमागे पेन्सिलीने नावे लिहा. कोण, कुठे, कधी. आज तुम्ही ओळखता, नातू ओळखणार नाही.

तिसरे, सुट्टीत गावी जाल तेव्हा शाळेत जाऊन आजोबांचा, पणजोबांचा निर्गम उतारा मागून घ्या. गरज पडेल तेव्हा बघू, असे म्हणू नका. वाळवी आपल्या गरजेची वाट बघत नाही.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. शाळेत बसायचे कुठे? पाणी कोण वाढायचे? पाटी पुस्तक कुणी आणून दिले? मास्तर कसे होते? वाईट वागलेल्यांचे सांगतील तसे जीव लावणाऱ्या मास्तरांचेही सांगतील. बाबासाहेबांच्या सिद्धार्थला, मिलिंदला आपल्यातले कोण शिकले? शाळा का सुटली? मुलीची शाळा आधी का सुटली? विचारताना घाई करू नका. काही जणांना रडू येईल, काही जण "कशाला जुनं उकरायचं?" म्हणतील. त्यांना जबरदस्ती करू नका. पण बहुतेक जण सांगतील. इतकी वर्षे कुणी विचारलेच नव्हते, हीच त्यांची तक्रार असते.

विहारात आम्ही एक जाड वही ठेवली आहे. दर रविवारी वंदनेनंतर एका ज्येष्ठ व्यक्तीने बोलायचे आणि अभ्यासिकेतल्या एका मुलाने किंवा मुलीने ते लिहून घ्यायचे, असे ठरवले आहे. भाषा सुधारायची नाही. आजी जशी बोलतील तसेच लिहायचे. खाली तारीख, सांगणाऱ्याचे नाव आणि लिहिणाऱ्याची सही. कुणाची बदनामी होईल किंवा घरातली गोष्ट चव्हाट्यावर येईल असे काही असेल, तर सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय ते पुढे जाणार नाही.

काही जण म्हणतील, आता आपली मुले इंग्लिश मीडियमला जातात, आयटीत लागली, परदेशात गेली. जुनी रडगाणी कशाला? आम्ही त्यांना एवढेच सांगू की हे रडगाणे नव्हे, हा हिशोब आहे. खुंटीला टांगलेल्या दफ्तरापासून नातवाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशापर्यंत आपण किती अंतर चाललो, ते मोजायचे तर सुरुवात कुठून केली ते ठाऊक पाहिजे. जो मुलगा हे जाणतो, तो शिष्यवृत्ती घेताना मान खाली घालत नाही आणि मोठा झाल्यावर मागे राहिलेल्यांना विसरत नाही.

त्या मुलाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो इंजिनिअर झाला, चाकणला नोकरीला आहे. आजोबांच्या निर्गम उताऱ्याची एक प्रत त्याने विहाराच्या वहीला दिली. त्या प्रतीखाली त्याने आजीचे शब्द आपल्या हाताने लिहून ठेवले आहेत. वहीचे पहिले पान तेच आहे. पुढची पाने कोरी आहेत. ती तुम्ही भरावीत, एवढीच वर्धापनदिनी सर्व कुटुंबांना नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!